तरंगणाऱ्या आजीची सावली

फोटोत माझी आई अंगणात बसून तांदूळ पाखडतेय, आणि तिच्या खाली काही नाही. पाट नाही, चौरंग नाही. फरशीपासून चांगली दीड वीत वर, एक गुडघा मुडपून, सूप हातात धरून ती बसलीय. नऊवारीचा काठ खाली लोंबतोय, सुपातले दाणे तिच्या हनुवटीपर्यंत उडालेत. चेहऱ्यावर मात्र रोजचाच भाव, खडे शोधणारा.

फोटो माझ्या भाचीनं काढला. ती धारवाडला चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि राहते आमच्याकडे, नवनगरला, हुबळी-धारवाडच्या मधल्या पट्ट्यात. रोज चिगरीनं जाते-येते. चिगरी हे आमच्याकडच्या बीआरटीएसच्या बसचं नाव. इकडच्या कानडीत चिगरी म्हणजे हरीण. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला तो असा : घरातली माणसं, रोजची कामं, आणि पायाखालची सुटलेली जमीन. एकूण पाच फोटो. मी पंचवीस वर्षं लग्नामुंजींचे फोटो काढतोय, त्यामुळे ट्रायपॉड धरणं, उन्हाचा अंदाज सांगणं आणि चौरंग उचलणं माझ्याकडे आलं.

चार महिने हे काम चाललं होतं. तेवढ्या काळात घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही सांगितलं, आणि फिरून फिरून त्याच समजुती ऐकू आल्या. त्यांतल्या एक-दोन माझ्याही होत्या.

गैरसमज : हे सगळं कॉम्प्युटर आल्यापासूनचं आहे.

वस्तुस्थिती : दोन फोटो जोडून एक करायची विद्या जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या ऑस्कर रेलँडरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र उभं केलं होतं. आपल्याकडचं पाहायचं तर दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफर होते, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करायचे. फाळके हे नाव उलट वाचलं की केळफा. फोटोग्राफर आणि जादूगार एकाच माणसात असल्यावर पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशात उडाला यात नवल नाही. १९३६ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये दामले-फत्तेलालांनी तुकोबांना गरुडावर बसवून वैकुंठाला नेलं. चार वर्षांनी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भावंडांना घेऊन भिंत चालली. हे सगळं फिल्मवर, कॅमेऱ्यातल्या आणि प्रयोगशाळेतल्या करामतींनी.

भाचीच्या कामाला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र फ्रान्सचं. १९६० च्या ऑक्टोबरात इव्ह क्लाइन नावाच्या चित्रकारानं पॅरिसजवळच्या एका गावात, पहिल्या मजल्याच्या उंचीवरून हात पसरून रस्त्यावर झेप घेतली. हॅरी शंक आणि यानोश केंडर यांनी तो क्षण टिपला. फोटोत खाली नुसता रस्ता दिसतो आणि लांबवर एक सायकलस्वार. प्रत्यक्षात खाली क्लाइनचे ज्यूदोतले मित्र ताडपत्री ताणून उभे होते. तो स्वतः ज्यूदोचा कसलेला खेळाडू, तोक्योच्या कोदोकानमध्ये शिकलेला, त्यामुळे पडावं कसं हे त्याला ठाऊक होतं. मित्रांसकट एक फोटो काढला, त्याच जागेवरून रिकाम्या रस्त्याचा दुसरा, आणि डार्करूममध्ये वरचा अर्धा भाग एकातून, खालचा दुसऱ्यातून घेतला.

भाचीनं अंगणात हेच केलं. चौरंगासकट एक फोटो, चौरंगाशिवाय एक. ताडपत्रीच्या जागी आमचा पूजेचा चौरंग होता, एवढाच फरक.

आता मोबाइलला वाक्य सांगितलं की तो तरंगणारी आजी काढून देतो, हेही खरं. भाचीच्या एका मैत्रिणीनं मिनिटभरात तसं चित्र काढून दाखवलं. छान होतं. पण ती कुठली तरी आजी होती. नऊवारीचा काष्टा कुठून निघून कुठे खोचला गेलाय याचा पत्ता नव्हता, आणि सूप परडीसारखं दिसत होतं. भाचीला तिची आजी हवी होती.

गैरसमज : उडी मारायची आणि बटण दाबायचं.

वस्तुस्थिती : उडीचा फोटो हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याला मोठी परंपरा आहे. फिलिप हाल्समननं १९४८ मध्ये साल्वादोर दालीला हवेत टिपलं, सोबत तीन मांजरं, उडतं पाणी आणि अधांतरी खुर्ची. त्यातलं चित्रांचं सामान बारीक तारांनी टांगलं होतं, खुर्ची हाल्समनच्या बायकोनं धरली होती. पण दाली, मांजरं आणि पाणी खरंच हवेत होते. पंचवीसहून जास्त वेळा दालीनं उडी मारली, तितक्याच वेळा मांजरं फेकली आणि फरशी पुसली. पाच-सहा तास गेले. जपानच्या नात्सुमी हायाशीनं २०११ च्या सुमारास स्वतःचे तरंगतानाचे फोटो रोज प्रसिद्ध केले. त्यात जोडकाम नाही, सगळ्या उड्या खऱ्या. एका फोटोसाठी कधीकधी शेकडो उड्या.

शेकडो का लागतात, ते हिशेबानं कळतं. साधारण माणूस जागच्या जागी ४० सेंटिमीटर उडी मारतो असं धरलं, तर तो हवेत अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त असतो. जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर. तेव्हा १/६० सेकंदाचं शटर ठेवलं तर तेवढ्यात तो साडेचार सेंटिमीटर सरकतो आणि फोटो हलतो. १/५०० ठेवलं तर सरकणं पाच-सहा मिलिमीटरवर येतं. पण खरी मेख वरच्या टोकाला आहे. उडीच्या उंचीचा वरचा फक्त पाव भाग घ्या, म्हणजे वरचे १० सेंटिमीटर. हवेतला अर्धा वेळ माणूस तेवढ्यातच काढतो. वर जाताना मंदावतो, क्षणभर थबकतो, मग खाली येऊ लागतो. ते थबकणं पकडायचं.

हे मी भाचीला कागदावर आकडे मांडून समजावत होतो. आई शेजारी तांदूळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘‘दाणा वर गेला की जरा थांबतो. तेव्हाच फुंकायचं, कोंडा निघून जातो.’’ सुपातून उडवलेला दाणा टोकाला थांबतो हे तिला साठ वर्षं माहीत आहे. भाचीनं त्याच दिवशी वहीतला आधीचा बेत खोडला आणि तिथं आजी व सूप असं लिहिलं.

उडीची अडचण वेगळीच. खाली येताना केस, ओढणी, पदर वर उडतात आणि ‘ही पडतेय’ असं पाहणाऱ्याला लगेच कळतं. तोंडावरचा ताणही लपत नाही. हाल्समनला तर तेच हवं होतं. उडी मारताना माणसाचा मुखवटा गळून पडतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यानं निक्सनपासून मेरिलिन मन्रोपर्यंत कितीतरी नामवंतांना उड्या मारायला लावून १९५९ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. भाचीला उलट शांत चेहरा हवा होता. पंचाहत्तरीच्या बाईला उडी मारायला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

गैरसमज : भारी कॅमेरा हवा आणि उंच जागा हवी.

वस्तुस्थिती : पाचातले दोन फोटो मोबाइलवरचे आहेत. कॅमेरा हलता कामा नये, आणि फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स हे तिन्ही एकदा ठरवून कुलूपबंद करायचे. आपोआपवर ठेवले तर दोन फोटोंचे रंग जुळत नाहीत आणि जोड उघडा पडतो. जोडकामाला ‘गिम्प’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. उंचीचं म्हणाल तर ती कॅमेरा खाली नेऊन मिळते. लेन्स फरशीपासून चार बोटांवर ठेवली की दीड वीत हातभर दिसते. ‘गच्चीच्या कठड्यावर उभी राहते’ असं एक मैत्रीण म्हणाली होती. भाचीनं तिला तिथेच थांबवलं. क्लाइनसारखा झेप घ्यायला निघालेला माणूससुद्धा खाली ताडपत्री धरूनच निघाला होता.

गैरसमज : स्टूल पुसलं की काम संपलं.

वस्तुस्थिती : स्टूल पुसायला दहा मिनिटं लागतात. लेयर खाली रिकाम्या अंगणाचा, वर आईचा, आणि मास्कवर काळ्या ब्रशनं चौरंग घासत जायचा; चौरंग जातो आणि खालची फरशी वर येते. आमचा पहिला फोटो असा तासाभरात तयार झाला, आणि तो वाईट होता. का वाईट, ते आम्हा दोघांना बराच वेळ सांगता येईना. आई तरंगत नव्हती. कापून चिकटवल्यासारखी दिसत होती.

मग आम्ही फोटो मोठा करून इंच इंच बघायला बसलो.

पहिली चूक काठात सापडली. नऊवारीचा काठ चौरंगाच्या कडेला टेकला होता, आणि तिथं त्याला सरळ रेषेत घडी पडली होती. चौरंग पुसला गेला, त्याची कड मात्र लुगड्यात राहिली. कापड ज्यावर टेकतं त्याचा ठसा घेतं. मांडीचंही तसंच : लाकडावर बसलं की मांडी खालून चपटी होते, आणि आधार काढून घेतला तरी चपटेपणा उरतो. उपाय साधा निघाला. चौरंगावर एक लहान पाट ठेवला, पाटावर उशी. आई त्यावर बसली तेव्हा लुगडं चारी बाजूंनी पाटाबाहेर आलं आणि काठ मोकळा लोंबला. उशीमुळे मांडीची गोलाई राहिली. पदरासाठी वेगळा फोटो घेतला. मी कॅमेऱ्याच्या बाहेरून पदराचं टोक किंचित उचलून सोडलं आणि भाचीनं तो सुटतानाचा क्षण घेतला. असे एकूण अकरा फोटो त्या एका फोटोत आहेत.

दुसरी चूक प्रकाशात. खरोखर अधांतरी असलेल्या माणसाच्या खाली फरशीवर ऊन पडतं, ते उसळून वर येतं आणि लुगड्याच्या खालच्या बाजूला उजेड देतं. आमच्या फोटोत चौरंगानं तो उजेड अडवला होता, त्यामुळे खालचा भाग काळाठिक्कर. चौरंगाभोवती पांढरी चादर अंथरल्यावर त्यात जरा जीव आला.

तिसरी चूक सावलीची.

गैरसमज : सावली अडचणीची असते, तीही पुसून टाकावी.

वस्तुस्थिती : सावली पुसली की माणूस तरंगत नाही, कागदावर चिकटतो. आपला डोळा उंची ओळखतो ती माणूस आणि त्याची सावली यांच्यातल्या फटीवरून. जमिनीला टेकलेल्या पायाची सावली पायाला जोडलेली असते. पाय उचलला की ती सुटते. किती सुटेल ते ऊन ठरवतं.

जानेवारीच्या मध्यावर आमच्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ५३ अंशांवर. त्या वेळी कोणी ३० सेंटिमीटर वर तरंगत असेल तर त्याची सावली उत्तरेकडे २२-२३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे बरोबर एक वीत. याचा अर्थ आईच्या खाली, दक्षिणेच्या बाजूची वीतभर फरशी उन्हात असायला हवी. आमच्या पहिल्या फोटोत ती अंधारात होती, कारण तिथं चौरंगाची सावली होती आणि आम्ही ती तशीच ठेवली होती. रिकाम्या अंगणाच्या फोटोतून ती उन्हाची पट्टी आत घेतली, आणि त्या क्षणी आई उचलली गेली. ब्रशचे पाच-सहा हात फिरले असतील. भाची खुर्चीतून उठून उभी राहिली.

सावलीची कडही बघावी लागते. सूर्य आकाशात ठिपक्याएवढा नाही, अर्ध्या अंशाचा आहे, म्हणून वस्तू जितकी दूर तितकी सावलीची कड पुसट. टेकलेल्या वस्तूची कड सुरीनं कापल्यासारखी. ३० सेंटिमीटरवरच्या वस्तूची तीन-चार मिलिमीटर विरलेली. एवढंसं, पण मोठ्या छपाईत दिसतं. आणखी एक : सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चौरंग काढून रिकाम्या अंगणाचा फोटो घ्यायला मधे चहा घेतला तर सावल्या जुळत नाहीत. आमचा एक अख्खा दुपारचा वेळ त्या चहात गेला.

हुबळी-धारवाडला वर्षातून दोनदा सूर्य अगदी माथ्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. उभ्या खांबाची सावली खांबातच शिरते. तरंगणाऱ्या माणसाची सावली तेव्हा बरोबर त्याच्या खाली पडेल, विहिरीत पाहिल्यासारखी. ऑगस्टातला दिवस आमच्याकडे बहुधा ढगांत जातो, पण मेचा हाती लागावा अशी भाचीची फार इच्छा आहे. पावसाळ्यातला ढगाळ उजेड वेगळ्या अर्थानं सोयीचा असतो. सावली फिकट आणि पसरट, चुका झाकणारी. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. पण उन्हातल्या फोटोला जे वजन येतं ते त्याला येत नाही.

गैरसमज : माणसं खरंच तरंगत असत, त्याचे जुने फोटो आहेत.

वस्तुस्थिती : आहेत, आणि त्यांतले सगळ्यांत गाजलेले आपल्या दक्षिणेतलेच. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं १९३६ च्या जूनमध्ये सुब्बय्या पुलवर नावाच्या माणसाचे फोटो छापले. तो जमिनीला समांतर, आडवा, हवेत आहे. एक हात कापड गुंडाळलेल्या काठीवर अलगद टेकलाय. काढणारा प्लंकेट नावाचा इंग्रज मळेवाला. आजही ते फोटो पुरावा म्हणून पुढे केले जातात. त्या हकिगतीतच लिहिलंय की वर जाताना आणि खाली येताना पुलवर कापडाच्या आडोशात होता. पडदा उघडला तो मधल्या चार मिनिटांपुरता.

ती कापड गुंडाळलेली काठी महत्त्वाची. १८३० च्या सुमारास मद्रासला शेषाल नावाचा माणूस असाच, हात काठीवर टेकवून, हवेत बसलेला लोकांना दाखवायचा. काठीच्या आत लोखंडी दांडा, तो बाहीतून अंगाखाली आणि तिथं बैठक. रस्त्यावर भगवी वस्त्रं घालून, एक हात काठीवर ठेवून अधांतरी बसलेली माणसं आजही दिसतात ती याच रचनेवर. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असे चमत्कार गावोगाव उलगडून दाखवतात, आणि त्यांचं करणं मला अगदी योग्य वाटतं. फोटोनं कोणाचं खोटं सिद्ध होत नाही, तसं खरंही होत नाही. कॅमेरा तेवढा क्षण दाखवतो, आधीचा पडदा दाखवत नाही.

१९३६ हे साल मनात घोळत राहतं. त्याच वर्षी लंडनच्या साप्ताहिकात पुलवर आणि महाराष्ट्राच्या पडद्यावर गरुडावरचे तुकोबा. सिनेमाला येणाऱ्यांना पडदा, दिवा, यंत्र सगळं ठाऊक होतं, तरी लोक हात जोडत होते. प्रभातनं त्यांना काही सिद्ध करून दाखवलं नव्हतं.

गैरसमज : विचित्र दिसलं की झालं अतिवास्तव.

वस्तुस्थिती : पांढरा झगा, मोकळे केस, भोवती तरंगणारी पुस्तकं आणि छत्री असे फोटो हजारोंनी आहेत. भाचीचा पहिला प्रयत्न तसाच होता आणि तिनं तो स्वतःच काढून टाकला. आंद्रे ब्रेतोंनं १९२४ मध्ये पॅरिसला अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तेव्हा स्वप्न आणि जाग यांना एकत्र आणायचं असं त्याचं म्हणणं होतं. त्यात जागेचा वाटाही तितकाच मोठा. रने मॅग्रितच्या १९५३ च्या चित्रात काळा कोट, काळी टोपी घातलेली कितीतरी माणसं पावसासारखी हवेत आहेत, आणि मागे अगदी साधी, लाल कौलांची घरं. घरं साधी आहेत म्हणून माणसं अंगावर येतात. त्या चित्राचं नाव आहे ‘गोवळकोंडा’. हो, आपलं हैदराबादजवळचं, हिऱ्यांचं. नाव त्याच्या कवी मित्रानं सुचवलं.

धारवाडात जी. ए. कुलकर्णींनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. ते चित्रंही काढत. त्यांच्या कथांत माणूस कुठल्या कुठे जातो, पण वाटेतला दगड, धूळ, तहान नेमकी असते. भाचीला मी तेच सांगत होतो : आजीचं अंगण जसं आहे तसं राहू दे. कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा, तुळशीवृंदावनाला लागलेली शेवाळ, दोरीवर वाळणारी माझी बनियन. तिनं बनियन ठेवली.

गैरसमज : कसं केलं ते सांगितलं की जादू जाते. आणि न सांगितलं तर ती फसवणूक.

वस्तुस्थिती : फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालियामर्दन’ची सुरुवात पाहावी. आधी पडद्यावर त्यांची लहान मुलगी मंदाकिनी येते, साधी मुलगी म्हणून, चेहऱ्यावरचे भाव दाखवत. मग तो चेहरा विरत विरत मुकुट घातलेला कृष्ण होतो. ही आमची मुलगी आहे, हे आधी सांगितलं, आणि मग कृष्ण यमुनेत उतरला. लोकांना दोन्ही दिसलं आणि दोन्ही चाललं. मला हा आपल्या सिनेमातला सगळ्यांत प्रामाणिक क्षण वाटतो.

बातमीच्या फोटोत असं जोडकाम चालत नाही आणि चालूही नये. कलेच्या प्रकल्पात ते चालतं, फक्त लपवू नये. भाचीनं प्रत्येक फोटोखाली टाचणाएवढे मूळ फोटो लावलेत : चौरंगावरची आई, रिकामं अंगण, पदर धरलेला माझा हात. पाहायला आलेले लोक आधी मोठ्या फोटोसमोर थांबतात, मग वाकून खालचे बघतात, आणि पुन्हा वर बघतात. दुसऱ्यांदा जास्त वेळ बघतात, हे मी उभा राहून पाहिलंय.

मोठा छापील फोटो भिंतीवर लावायच्या आधी एक दिवस घरी होता. आईनं चष्मा लावला, फोटो जवळ ओढला आणि स्वतःकडे न बघता दाण्यांवर बोट ठेवलं.

‘‘हे खरंच उडालेत ना?’’

‘‘हो आजी. तेवढे खरे. १/१००० वर घेतलेत.’’

आई आणखी वाकली. दाण्यांच्या मधे, तिच्या कपाळाच्या रेषेत, तांदळाहून लहानसं काहीतरी काळं होतं. आम्ही चार महिने तो फोटो बघत होतो.

‘‘खडा राहिलाय बघ त्यात,’’ ती म्हणाली.